बनाना बॉल पायथन: नर की मादी, खात्रीने कसं ठरवायचं?

वारणाकाठ (सांगली)

घरी बनाना मॉर्फचा (म्हणजे पिवळसर रंगाच्या प्रकारचा) बॉल पायथन, आफ्रिकेतला छोटा अजगर, आहे. वजन ६४० ग्रॅम, लांबी साधारण तीन फूट, वय पावणेदोन वर्षांच्या आसपास. देताना 'मादी' म्हणून दिला होता. आता प्रत्येक जण वेगळं सांगतोय. एक म्हणतो बनाना म्हटलं की नरच. दुसऱ्याने स्पर (मलमार्गाच्या फटीशेजारचे नखांसारखे काटे) लांब दिसले म्हणून नर ठरवला. तिसऱ्याच्या मते शेपूट त्या फटीनंतर पटकन निमुळतं झालंय, म्हणजे मादी. थंडी सुरू झाल्यापासून खाणं मंदावलंय, तर "नर असाच उपास धरतो" हेही ऐकून झालं.

खात्रीचा मार्ग कोणता? प्रोबिंग, म्हणजे फटीतून शेपटाकडे बारीक सळई (प्रोब) घालून खोली मोजणं, घरी करता येतं का, त्यासाठी कुठली प्रोब लागते आणि किती खवले मोजायचे? पक्ष्यांची पिसावरून डीएनए चाचणी होते, तशी सापाच्या कातेवरून आपल्याकडे होते का?

यवतेश्वर (सातारा)

स्पर आणि शेपूट दोन्ही विसरा. स्पर नर-मादी दोघांनाही असतात. नराचे सरासरीने मोठे, पण बॉल पायथनमध्ये लांब स्परच्या माद्या आणि झिजलेल्या स्परचे नर भरपूर सापडतात. शेपटाचंही तेच. नराचं शेपूट फटीनंतर थोडा वेळ जाड राहतं हे खरं, पण दोन्हींतला फरक इतका थोडा असतो की शेजारी दुसरा साप ठेवून बघितल्याशिवाय डोळ्याला कळत नाही, आणि ठेवूनही चूक होते. वजनावरून तर या वयात काहीच सांगता येणार नाही. मोठेपणी मादी दीड-दोन किलोच्या पुढे जाते, नर बहुधा किलोच्या आसपास थांबतो, पण तो फरक दिसायला अजून अवकाश आहे.

प्रोबिंग हाच रोजचा खात्रीचा मार्ग. नराचे दोन हेमिपेनिस (जननेंद्रियं) शेपटाच्या मुळाशी, मधल्या रेषेच्या दोन्ही अंगांना, मोज्याचा पाय आत उलटा गेलेला असावा तसे आत वळलेले असतात. त्यामुळे प्रोब त्या नळीत लांबवर सरकते. मादीला त्याच जागी फक्त गंधग्रंथींचे आखूड कप्पे असतात, म्हणून ती लवकर अडते. बॉल पायथनमध्ये मादीत साधारण २ ते ४ खवले, नरात ७ ते १०. खवले म्हणजे शेपटाच्या खालच्या बाजूचे, फटीपासून टोकाकडे मोजायचे. ते दुहेरी ओळीत असतात. एकच ओळ धरून मोजा, नाहीतर आकडा दुप्पट होतो आणि मादीचा नर होतो.

प्रोब स्टेनलेस स्टीलची, टोकाला गोल बोंड असलेली. तुमच्या सापाला १.५ ते २ मिमी जाडीची. नवखा माणूस बारीक प्रोब उचलतो, कारण ती सहज जाईल असं वाटतं. उलट आहे. सहज मावेल तेवढी जाड प्रोब घ्यावी. जितकी बारीक, तितकी ती पडदा फाडून पुढे घुसण्याची शक्यता जास्त.

साप दोन माणसांनी धरायचा. एकाने अंग सैल आधाराने, दुसऱ्याने शेपूट पोट वर करून. फटीच्या अलीकडचा मोठा खवला अंगठ्याने हलकेच डोक्याच्या दिशेला ओढला की फट उघडते. पाण्यात विरघळणारी जेली लावलेली प्रोब मधल्या रेषेच्या थोडी बाजूला टेकवायची, टोक शेपटाकडे, जवळजवळ शेपटाला समांतर. बोटांत हलकी गोल फिरवत पुढे न्यायची. ढकलायची नाही. अडली की थांबा, थोडी मागे घ्या, फिरवून परत बघा. दुसऱ्यांदाही तिथेच अडली तर तोच शेवट. फटीच्या काठाशी प्रोबवर अंगठ्याचं नख धरा, बाहेर काढा, शेपटाखाली त्याच जागी आडवी ठेवून खवले मोजा. मग दुसरी बाजू. एका बाजूवर कधीही निकाल देऊ नका.

पशुवैद्यक (कराड)

वरचं बरोबर आहे. त्यात चुका कुठे होतात ते सांगतो, कारण 'मादी' म्हणून विकलेले बरेच नर आणि काही 'नर' निघालेल्या माद्या इथेच तयार होतात.

नर असून मादी वाटणं हे जास्त वेळा घडतं. साप ताणात असला की शेपटाचे स्नायू आवळतो आणि प्रोब तीन-चार खवल्यांवर अडते. कधी हेमिपेनिसच्या नळीत सुकलेला स्राव बोळ्यासारखा अडकलेला असतो, तिथेही प्रोब अडते. उपाय साधा: साप उबदार असावा, २८ ते ३० अंशांना निवांत बसलेला, हाताळायला सुरुवात करून लगेच नव्हे. स्नायू सैल पडेपर्यंत प्रोब हलक्या हाताने तिथेच धरून ठेवली की बहुतेकदा नर असेल तर ती पुढे सरकते.

मादी असून नर वाटणं हे जोर लावल्यामुळे होतं. कप्प्याच्या टोकाचा पातळ पडदा फाटतो, प्रोब आठ खवल्यांपर्यंत जाते, वरून 'नर' असा शिक्का बसतो आणि आत जखम राहते. प्रोबवर रक्त दिसलं तर त्या दिवसाचं काम तिथेच बंद. म्हणून जोर न लावता दोन्ही बाजूंना खोल गेली तर नर पक्का समजा. उथळ राहिली तर एकदम मादी लिहू नका, महिन्याभराने दुसऱ्या माणसाकडून परत बघून घ्या.

'पॉपिंग' म्हणजे शेपटाच्या मुळाशी अंगठा दाबत फिरवून हेमिपेनिस बाहेर काढणं. ते अंड्यातून नुकत्या निघालेल्या पिल्लांसाठी. ६४० ग्रॅमच्या सापावर करू नये. स्नायू इतके बळकट असतात की नर असला तरी काही बाहेर येणार नाही, जास्त दाबलं तर शेपटाच्या मणक्यांना इजा होईल. पिल्लातसुद्धा हेमिपेनिस बाहेर आले तर नर सिद्ध होतो, न आल्याने मादी सिद्ध होत नाही.

वेळ पाळा. खाल्ल्यावर किमान चार-पाच दिवस प्रोबिंग नको, उलटून टाकेल. डोळे निळसर झालेत, कात यायची आहे, तेव्हाही नको. प्रोब आधी उकळून किंवा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकात ठेवून स्वच्छ पाण्याने धुवा. एकाची प्रोब दुसऱ्या सापाला तशीच लावू नका, संसर्ग असाच पसरतो.

मिरजेचा जनुकवेडा

बनाना म्हणजे नर, ही अर्धी ऐकलेली गोष्ट आहे. अजगर आणि बोआंमध्ये एक्स-वाय पद्धतीची (नराची जोडी वेगवेगळी) लिंग-गुणसूत्रं असल्याचं २०१७ मध्ये दाखवलं गेलं, त्याआधी सगळ्या सापांत पक्ष्यांसारखीच झेड-डब्ल्यू पद्धत (मादीची जोडी वेगवेगळी) असते असं धरून चालत. बनाना, म्हणजेच कोरल ग्लो, हे जनुक त्या लिंग-गुणसूत्राच्या जोडीवर बसलेलं आहे. बनाना नराला ते त्याच्या बापाकडून आलं असेल तर त्याची बनाना पिल्लं जवळजवळ सगळी नर निघतात, आईकडून आलं असेल तर जवळजवळ सगळ्या माद्या. 'जवळजवळ' हा शब्द सोडू नका, गुणसूत्रांत क्वचित अदलाबदल होते. आई बनाना असेल तर दोन्ही लिंगांची बनाना पिल्लं येतात. थोडक्यात, बापाला बनाना जनुक त्याच्या आईकडून आलं की बापाकडून, हे माहीत असेल तर अंदाज बांधता येईल, नुसता रंग बघून नाही.

पिसाच्या चाचणीबद्दल: पक्ष्यांत सीएचडी जनुकाची झेडवरची आणि डब्ल्यूवरची प्रत वेगळ्या लांबीची असते, त्यावर ती चाचणी चालते. अजगराची कात त्याच लॅबला पाठवून उपयोग नाही, मुळात गुणसूत्रांची पद्धतच वेगळी. कातेवरून बॉल पायथनचं लिंग सांगणाऱ्या लॅब अमेरिकेत आहेत. पक्ष्यांचं पॅकेज दाखवून कोणी सापासाठी पैसे मागत असेल तर "अजगरासाठी कोणता मार्कर (डीएनएतली ओळखखूण) वापरता?" एवढंच विचारा.

कात मात्र फेकू नका. शेपटाच्या भागात फटीपाशी सुकलेल्या स्रावाची काट्यांसारखी जोडी चिकटलेली दिसली, किंवा पेटीतल्या कागदावर पिवळट पांढऱ्या बोळ्यांची जोडी मिळाली, तर तो नर. ६४० ग्रॅमचा नर वयात आलेला असू शकतो, त्यामुळे हे दिसणं शक्य आहे. काही दिसलं नाही तर त्यावरून काहीच ठरत नाही.

वारणाकाठ (सांगली)

सगळ्यांचे आभार. दोन शंका. मिरजेच्या सर्जिकल दुकानांत डोळ्यांच्या अश्रुनलिकेची प्रोब मिळते, ती चालेल का? आणि दोन्ही बाजूंना पाच-सहा खवले आले तर काय समजायचं?

यवतेश्वर (सातारा)

अश्रुनलिकेच्या प्रोबचे बारीक नंबर तुमच्या सापाला नकोत, फाडतील. विणायची सुई, सायकलची तार, कापसाची काडी यांचा तर विचारही नको. कापूस आत सुटतो, तारेला बोंड नसतं. मऊ कॅथेटर आत दुमडतो आणि खोटा आकडा देतो. सर्पांसाठीचा पाच-सहा जाडींचा संच ऑनलाइन मिळतो, पण एकाच सापासाठी तो घेण्यापेक्षा ज्याचा हात बसलाय अशा माणसाकडे जावं. शिराळ्याच्या जिल्ह्यात साप धरणारे हात कमी नाहीत, पण नाग धरता येणं वेगळं आणि प्रोब सरकवता येणं वेगळं. धामणीची सवय झालेला हातही इथे जास्त जोर लावतो.

पाच-सहा आले तर नोंद 'अनिश्चित' अशी करायची आणि काही महिन्यांनी परत बघायचं. बहुधा तो आवळून बसलेला नर असतो, पण 'बहुधा'वर जोडीदार आणू नये.

पशुवैद्यक (कराड)

तसं झालं तर सोनोग्राफी हा मार्ग आहे. पूर्ण वाढलेल्या मादीच्या अंडाशयात हंगामात वाढणारे फॉलिकल (अंड्यांच्या पिशव्या) दिसतात. तुमच्या वजनाला ते दिसतीलच असं नाही, त्यामुळे रिकाम्या सोनोग्राफीवरून नर ठरवू नका. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा, सापांचं काम बघणारं कोणी आहे का ते आधी फोनवर खात्री करून मगच पेटी घेऊन निघा. प्रोबिंगनंतर हेमिपेनिस बाहेर राहून आत गेला नाही तर स्वच्छ सलाइनने ओला ठेवा, सूज असेल तर दाट साखरपाण्याचा बोळा लावा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सुकला तर कापावा लागतो.

कोयनाखोरं (पाटण)

खाण्याचं लिंगावर ढकलू नका. हंगामात नर उपास धरतात, माद्याही धरतात. आधी पेटीचं तापमान थर्मामीटरने बघा: गरम कोपरा ३१ ते ३३, थंड बाजू २५ ते २७. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री सांगलीतही खोली बरीच उतरते आणि थर्मोस्टॅटशिवायची उष्णता-पट्टी पहाटे कमी पडते. मग दर आठवड्याला वजन. सुरुवातीच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर घट गेली तर डॉक्टर, तोवर दर दहा-बारा दिवसांनी एकदा खाणं दाखवायचं, रोज नाही.

जोडी लावायचा विचार असेल तर कागद आधी. बॉल पायथन साइट्स (वन्यजीव व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतला असल्याने वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतो, कलम ४९ एम आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते, आणि हस्तांतर, पिल्लं, मृत्यू हेही कळवावं लागतं. आपला देशी अजगर पहिल्या अनुसूचीत आहे, तो घरात ठेवताच येत नाही. आणि लिंग कळेपर्यंत दोन साप एका पेटीत ठेवू नका, कळल्यावरही नको. नुसता मोठा साप लहानाला गरम जागेवरून हुसकावतो आणि लहान खायचं सोडतो.