गुन्हा घडून गेल्यावर मनाचं काय केलंत? बेळगाव भागातले अनुभव

केस कुठवर आली, हे सगळे विचारतात. झोप लागते का, हे कोणी विचारत नाही. म्हणून हा धागा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठलेही असा. चोरी, मारहाण, फसवणूक, घरातला छळ, जे सोसलंत त्यानंतर आधार कुठं मिळाला ते लिहा. नावं नकोत, ना आपली, ना समोरच्याची. लिहवेल तेवढंच.

माझ्यापासून सुरुवात करते. बेळगावच्या शहापुरात संध्याकाळी भाजी घेऊन परतताना मागून मोटारसायकल हळू झाली आणि मंगळसूत्र गेलं. मानेवरचा वळ आठ दिवसांत गेला. घरी येईल तो म्हणे, "सोनंच गेलं की, जीव तर वाचला." खरंच होतं ते. पण दोन महिने झाले तरी मागं गाडीचा आवाज हळू झाला की मी भिंतीला चिकटायची. भर उन्हाळ्यात पदर गळ्याभोवती. पहिल्या डॉक्टरांनी चार मिनिटांत झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. झोप आली, भीती तिथंच. मग भाचीनं १४४१६ लावून दिला. टेली मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी, फुकट, रात्रीही चालू. सुरुवातीलाच भाषा निवडता येते. मराठीत बोलता बोलता "मला लाज वाटते" असं तोंडातून निघून गेलं. चोरी त्यानं केली आणि लाज मला! तिथून समुपदेशक बाईंकडे जायला लागले.

निपाणी, निवृत्त शिक्षक
मला व्हिडिओ कॉलवर "अटक" झाली होती. खोटा पोलीस, खोटं वॉरंट. दोन दिवस खोलीचं दार लावून बसलो, बायको चहा घेऊन आली तर हातानंच परत पाठवली. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, थोडी रक्कम गोठवली गेली, बाकी गेली. पैशापेक्षा जास्त लागलं ते हे, की पस्तीस वर्षं पोरांना "डोकं वापरा" म्हणत आलो. फोन वाजला की तळहाताला घाम. मुलगी मंगळवारी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. त्या दिवशी तिथं मानसोपचाराचे डॉक्टर येतात. रांगेत माझाच एक जुना विद्यार्थी भेटला. पळून जावंसं वाटलं. तोही त्याच डॉक्टरांसाठी थांबला होता. दोघं गप्प बसलो, मग चहा प्यायलो.

बेळगाव, वय २७
तालमीतला माणूस आहे, म्हणून तर कुणाला सांगता येईना. दुसऱ्यांच्या भांडणात मध्ये पडलो, दंडावर चाकूचा वार बसला. टाके निघाले, पण तो बोळ काही पार होईना. सोबतचे म्हणायचे, "काय बे, घाबरूलालास?" पुण्याच्या एका मॅडमकडे ऑनलाइन सेशन घेतली. त्यांनी मला बोळाचा नकाशा काढायला लावला. पहिल्या आठवड्यात फक्त औषधाच्या दुकानापर्यंत जायचं, उभं राहायचं, धडधड खाली येईपर्यंत हलायचं नाही. पुढच्या आठवड्यात विजेच्या खांबापर्यंत. ऐकायला पोरखेळ वाटतो. पाचव्या आठवड्यात पलीकडं पोचलो. फी परवडत नव्हती, ती निम्मी करून दिली. मागायला लाजू नका.

कायदा सेवेचा स्वयंसेवक
दोन-तीन गोष्टी माहीत असू द्या. एफआयआरची प्रत फुकट मिळते. इथं ती कन्नडात असते, तेव्हा कुणाकडून तरी वाचून घ्या, मगच सही करा. तपास कुठं आला हे नव्वद दिवसांत पोलिसांनी तुम्हाला कळवायचं असतं. आणि आरोपी सापडला नाही तरी नुकसानभरपाईसाठी जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३५७अ, आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३९६. कायदा सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर विचारा. उपचाराची बिलं जपून ठेवा, मानसोपचाराचीसुद्धा. लोक नेमकी तीच फेकून देतात.

खानापूर तालुका, एक आई
मुलीबद्दल लिहिणार नाही. एवढंच सांगते, पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये मुलासोबत राहायला सपोर्ट पर्सन, म्हणजे आधार देणारा माणूस मिळतो. आम्हाला फार उशिरा कळलं. बाल कल्याण समितीकडे आधीच विचारा.

बेळगाव तालुका, सध्या माहेरी
नवऱ्याचा मार अकरा वर्षं. भाऊ धारवाडला डिम्हान्समध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी मानसिक आरोग्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाई कन्नड बोलणाऱ्या. मला बाजारापुरतं कन्नड येतं, भाव करायला पुरतं. "घुसमट" कसं सांगायचं? शेवटी दोन्ही हात गळ्याशी नेऊन दाखवले. त्यांनी लिहायचं थांबवलं, खुर्ची जवळ ओढली. "हेदरब्याड्री अक्का," म्हणाल्या. घाबरू नका. पुढच्या खेपेला मराठी येणारी एक सिस्टर बसवली, तेव्हा मी सलग बोलले. किती वेळ, ठाऊक नाही, बाहेर भावाचं जेवण राहिलं.

इथं एक सांगते, राग मानू नका. पहिल्यांदा गावातल्याच एका ओळखीच्या समुपदेशकाकडे गेले होते. मी बोललेलं आठवड्याच्या आत सासरी पोचलं. म्हणून लांब गेलेलं बरं, असं माझं मत. तिकिटाचे पैसे गेले तर जाऊ देत.

आता महिन्यातून एकदा जाते. येताना बसमध्ये खिडकीशी डोळा लागतो, कित्तूर कधी गेलं कळत नाही. घरी मात्र अजून दिवा लावूनच झोपते.