मदत हवी आहे: पवालीकांठा, शक्यतो गर्दी टाळून

ऑक्टोबरमध्ये उत्तराखंडातल्या बुग्याळांवर (उंचावरच्या गवताळ कुरणांवर) जायचं चाललंय. सोबत बाबा आहेत. सह्याद्री पालथा घातलाय त्यांनी, पण 3,000 मीटरच्या वर कधी गेलेले नाहीत. दयारा बुग्याळ सोपं, पण तिथली जत्रा नको. म्हणून घुत्तू गावाहून पवालीकांठा बुग्याळ आणि पुढे त्रियुगीनारायणला उतरायचं डोक्यात आहे. गंगोत्रीहून केदारनाथला पायी जाणाऱ्यांची ही जुनी वाट.

2018 मध्ये उच्च न्यायालयाने बुग्याळांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली, मग हल्ली मंडळी राहतात कुठे? गुराखी तोवर खाली उतरलेले असतात का? वरच्या धारेवर पाणी मिळतं का, की खालूनच भरून न्यायचं? घुत्तूत गावातलाच वाटाड्या आणि एखादं खेचर मिळेल का? (पॅकेजवाले कृपया सुचवू नका.) बाबांना उंची बाधली तर मधूनच गाडीरस्त्याला लागता येईल अशी वाट कुणाला माहीत असेल तर आधी तेवढं सांगा.