ओलेग स्त्रिझेनोव्हबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, १९५७ चा परदेसी हा चित्रपट कुणी पाहिलाय का, भारत आणि सोव्हिएत युनियनने मिळून काढलेला, नर्गिस, बलराज साहनी वगैरे आणि रशियन व्यापारी-प्रवासी अफानासी निकितिनच्या भूमिकेत सोव्हिएत नट ओलेग स्त्रिझेनोव्ह. तोच निकितिन जो १५व्या शतकात आपल्या चौलला उतरला होता, रेवदंड्यात स्मारकही आहे त्याचं. मी मूळची तिथलीच म्हणून हा नट फार जवळचा वाटतो. त्याआधी १९५६ च्या द फॉर्टी-फर्स्ट या सोव्हिएत चित्रपटातला त्याचा तो निळ्या डोळ्यांचा लेफ्टनंट तर डोक्यातून जातच नाही, काय देखणा माणूस!! २०२५ मध्ये ९५व्या वर्षी गेला. मला त्याच्या भारतातल्या शूटिंगबद्दल वाचायचंय. जुन्या मराठी मासिकांत काही आलं होतं का, आणि परदेसीची रंगीत प्रिंट सबटायटल्ससकट कुठे मिळेल? प्लीज सांगा.