लहानपणी संगीत नाटकात कोण कोण होतं? (आणि घसा फुटला तेव्हा काय केलंत?)

उत्तरेश्वरकर
काल रात्री साडेदहाला ताईचा फोन. रडतच होती. "बाळ्याचा आवाज गेला रे." मला वाटलं सर्दी असेल. तर नाही, घसा फुटलाय. तेरावं सरत आलंय, पुढच्या महिन्यात प्रयोग, पोरगं 'सौभद्र'मध्ये नारद, आणि वरच्या सा ला गेलं की कोंबडं आरवतं. चार वर्षं क्लास, प्रवेशिका पूर्ण झाली, आणि आता हे.

तिला हसत हसत समजावलं, पण फोन ठेवल्यावर मला झोप नाही. कारण मीसुद्धा नारदच होतो.

आमच्या वाड्यात वरच्या सोप्यात तालमी चालायच्या. आई खालून चहा करून द्यायची, मी तो वर न्यायचो आणि कपबशा परत येईपर्यंत जिन्यात बसायचो. एक दिवस एका काकांना म्हटलं, "काका, तिथं तुम्ही एक मात्रा खाताय." कानाखाली बसली. आठ दिवसांनी त्याच काकांनी वीणा हातात दिली. वय अकरा.

दोन वर्षं सगळं झकास. मग केशवराव भोसले थेटरला प्रयोग. 'राधाधर मधुमिलिंद'ची पहिली ओळ बरी गेली, दुसरीला घसा असा फाटला की बाल्कनीतनं कुणीतरी म्हटलं, "अरे पाणी द्या नारदाला!" ऑर्गनवाल्या काकांनी तिथल्या तिथं काळी चारची पट्टी सोडून खाली पांढरी दोन धरली. पण तबला काळी चारलाच लावलेला! तबलजी एकदा माझ्याकडं बघतोय, एकदा काकांकडं. मी डोळे मिटून गात सुटलो.

पुढच्या वर्षी मला भालदार केलं. दोन वाक्यं. त्यानंतर मी गायलो नाही. आता पतसंस्थेत आहे, तिथं कोण गायला लावतंय.

ज्यांनी ज्यांनी तोंडाला रंग लावलाय त्यांनी लिहा. ताईला वाचून दाखवायचंय.

शाहूपुरी_चौथी_गल्ली
पाणी द्या नारदाला!!! ऑफिसात फुटलो राव

पंचगंगाकाठची
मी सुभद्रा. वय पंधरा. दिग्दर्शक बाहेरगावचे. पदं माझी चोख, अडचण भाषेची. आम्ही कोल्हापूरच्या मुली 'मी येतो, मी जातो' म्हणतो की हो! महिनाभर रोज ओरडा, "सुभद्रा जाते म्हणेल. जाते. जाते." पाठ केलं. आणि प्रयोगात यतिवेषातल्या अर्जुनासमोर लाजून, मान खाली घालून म्हणालो, "मी आत जातो."

सर विंगेत कपाळावर हात मारून बसले. प्रेक्षकांत कुणाला काही वाटलंच नाही. सगळे गावचेच.

(बघा, आत्तासुद्धा 'म्हणालो' लिहिलं. राहू दे.)

सध्या_हडपसर
माझी आई अजून फोनवर 'मी जेवलो' म्हणते. लग्नानंतर पहिले सहा महिने बायको विचारायची, अहो, तुमच्याकडं कोण जेवलं?

भवानीमंडप
@उत्तरेश्वरकर, ताईंना सांगा, ज्यांच्या नावाच्या थेटरात तुमचा घसा फुटला ते स्वतः पोरवयातच कंपनीत गेलेले. केशवराव भोसले, जन्म ९ ऑगस्ट १८९०, इथलेच. स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत चार-पाच वर्षांचं पोर म्हणून गेले आणि 'शारदा'त शारदा करून गाजले. अठरावं चालू असताना, १ जानेवारी १९०८ ला, हुबळीत स्वतःची नाटक कंपनी काढली, ललितकलादर्श. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमान झालं, दोन कंपन्यांनी मिळून, बालगंधर्व भामिनी आणि हे धैर्यधर. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला गेले. वय एकतीस.

शारदा ते धैर्यधर. मध्ये कधीतरी त्यांचाही घसा फुटलाच असणार. त्या दिवसांबद्दल कुणी काही सांगत नाही बघा.

शाहूपुरी_चौथी_गल्ली
आले आमचे चालतेबोलते ग्रंथालय

भवानीमंडप
माहिती फुकट आहे, घ्या.

ऑर्गनवाला
वडील ऑर्गन वाजवायचे. मी सहा वर्षांचा असताना त्यांच्या गुडघ्याला काहीतरी झालं, भाता मारायला पाय चालेना. त्या प्रयोगाला मी ऑर्गनखाली बसून दोन्ही हातांनी पायट्या दाबल्या. तीन अंक! अंधार, धूळ आणि वडिलांच्या धोतराचा काठ, एवढंच दिसायचं. वर कोण काय गातंय ते नुसतं ऐकू यायचं. तिसऱ्या अंकात मला डुलकी लागली, सूर पार बसला. वडिलांनी पायानंच ढोसलं.

माझा नाट्यप्रवेश म्हणाल तर हा, खालून. पुढं तीस वर्षं साथ केली. आजही एखादं पद चेहऱ्यानं आठवत नाही, भात्याच्या दाबानं आठवतं. ताना आल्या की जास्त हवा लागायची.

मिसळ_आणि_मी
आमच्या नाटकाला तालमीनंतर खासबागेत भेळ मिळायची. मी भेळेसाठीच नाटकात होतो. खोटं कशाला बोला.

शाहूपुरी_चौथी_गल्ली
भेळ खाऊन गायचास? तरीच.

मिसळ_आणि_मी
गात नव्हतो भावा. द्वारकेचा नागरिक क्रमांक तीन.

विंगेतली_आई
भाकरी टाकता टाकता लिहितेय, चुका पोटात घाला.

मी कधी रंग लावला नाही, पण सोळा वर्षं विंगेत काढली. आधी मोठी, मग धाकटी. डब्यात सुईदोरा, पिना, काळा धागा, खडीसाखर, आणि एक जुना रुमाल, कारण धाकटी एंट्रीच्या आधी हमखास उलटी करायची. उलटी झाली की मग अशी गायची की विचारू नका. बाकीच्या आया म्हणायच्या, झाली का हो तुमची उलटी? म्हणजे प्रयोग रंगणार.

रात्री दीडला स्कूटरवर घरी. पोर मागं झोपलेलं, ओढणीनं पोटाशी बांधलेलं, तोंडावरचा रंग तसाच. दुसऱ्या दिवशी उशीवर सगळं पिवळं-लाल. सासूबाई काही बोलायच्या नाहीत, फक्त अभ्रा उचलून बादलीत टाकायच्या, जरा जोरात.

दहावीच्या वर्षी शाळेनं प्रयोगासाठी सुट्टी नाकारली. बाई म्हणाल्या, "नाटकं करून पोट भरणार आहे का?" मोठीनं त्यानंतर सोडलं. धाकटीनं नाही सोडलं. पोळी करपली, येते.

ऑर्गनवाला
भाकरी होती ना मगाशी?

विंगेतली_आई
ह्यांना भाकरी, मुलांना पोळी. तुमच्या घरी कोण करतं?

काठावरचा
केशवराव थेटर जळालं त्या रात्री, ८ ऑगस्ट २०२४ ला, मी तिथं होतो. खासबागेच्या बाजूनं धूर दिसला आणि पळत गेलो. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. १९१५ चं थेटर, शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, डोळ्यांसमोर जळत होतं आणि आजूबाजूला साठीची माणसं लहान पोरांसारखी रडत होती.

ग्रीनरूममध्ये एक आरसा होता, कोपरा उडालेला. आम्हा बालनाट्यवाल्यांची त्याच्यासमोर बसायला भांडणं, कारण त्यात चेहरा जरा गोरा दिसायचा. त्या रात्री मला सारखा तोच आठवत होता. एवढं मोठं थेटर आणि मला आरसा.

पंचगंगाकाठची
तो आरसा! मी पण त्यासाठी भांडलोय.

भवानीमंडप
काही सुचत नाही ह्यावर लिहायला.

गाणं_शिकवतो
मूळ प्रश्नाला कुणीच उत्तर दिलं नाही म्हणून लिहितो. मुलाचा आवाज 'जात' नाही. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण सप्तकभर खाली येतो. मुलींचाही उतरतो, पण थोडा, म्हणून त्यांचं कुणाला कळत नाही. हे स्थिर व्हायला काही महिने, कधी वर्ष-दीड वर्ष.

तोवर वरच्या पट्टीत ओरडायला लावू नका, प्रयोग कितीही जवळ असू दे. सकाळी हलका खर्ज, म्हणजे खालचे सूर, पंधरा मिनिटं. पट्टी आज काळी दोन बरी वाटेल, परवा पांढरी एक. रोज विचारून घ्या. आणि त्याला गाणं बंद करायला सांगू नका. माझ्याकडची अशी तीन मुलं तबल्याकडं वळवली, दोन परत गाण्याला आली. तिसरा अजून तबला वाजवतो आणि आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कमावतो.

नारदाला गद्य भरपूर आहे. दोन पदं कमी करा, उरलेली खाली घ्या. फक्त तबलजीला आधी सांगा!

उत्तरेश्वरकर
शेवटची ओळ मला लागली सर.

सध्या_हडपसर
अवांतर: मुलगी नऊ वर्षांची, गाते बरी, सुट्टीत आजीकडं असते. कोल्हापुरात संगीत नाटकाचं कुठं बघावं?

गाणं_शिकवतो
आधी नुसतं गाणं. देवल क्लबच्या गाण्याच्या बैठकांना घेऊन जा, कोपऱ्यात बसू दे. राज्य संगीत नाट्य स्पर्धेचे प्रयोग असतील तर दाखवा, ते बघून पळून गेली नाही तर पुढचं बघू. रीतसर शिक्षण नंतर, शिवाजी विद्यापीठात संगीत आणि नाट्यशास्त्र विभाग आहे.

विंगेतली_आई
आणि रुमाल ठेवा बरोबर.

मिसळ_आणि_मी
आणि भेळेचे पैसे.

उत्तरेश्वरकर
संध्याकाळी ताईकडं जाऊन आलो. सगळा धागा वाचून दाखवला. 'उलटी झाली का' ला ती बऱ्याच दिवसांनी हसली. त्यांच्या सरांशीही बोलणं झालं, दोन पदं गाळतायत, बाकीची पांढरी एकमध्ये.

बाळ्याला म्हटलं, चल, दोघं मिळून म्हणून बघू, मी पण खालीच गातो आता. म्हणाला, "मामा, तुमचा सूर लागत नाही." आणि बॅट घेऊन गेला.

ऑर्गनवाला
मात्रा खाल्ली असणार तुम्ही.