डोमेन-स्पेसिफिक लँग्वेज: ‘क्षेत्रविशिष्ट भाषा’ की ‘कामापुरती भाषा’?

प्रश्न

बाणेरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी मी मराठीत माहितीपुस्तिका लिहीत आहे. आमच्या एकाच प्रकल्पात जावा या मुख्य प्रोग्रामिंग भाषेखेरीज डेटाबेससाठी एसक्यूएल, पानाच्या रंगरूपासाठी सीएसएस, कोडपासून चालता प्रोग्राम बांधण्यासाठी मेकफाइल, सेटिंगसाठी यॅमल आणि मजकुरातील साचे ओळखण्यासाठी रेग्युलर एक्स्प्रेशन अशा पाच छोट्या भाषा नांदतात. त्यांच्या ‘डोमेन-स्पेसिफिक लँग्वेज’ (एकाच ठरावीक कामासाठी बेतलेली भाषा) या सामाईक इंग्रजी नावासाठी मी ‘क्षेत्रविशिष्ट भाषा’ असे लिहिले, तर मसुदा वाचणाऱ्या पहिल्याच सहकाऱ्याने विचारले, “म्हणजे अहिराणी, मालवणीसारख्या का?” अशा प्रकल्पाला ‘बहुभाषी’ म्हणावे, तर तो मराठी-हिंदी-इंग्रजीत चालणारा प्रकल्प वाटतो. जाणकारांनी कृपया शब्द सुचवावेत.

पहिले उत्तर

आपल्या सहकाऱ्याची शंका रास्त आहे. मराठीत ‘क्षेत्र’ आधी जमिनीला चिकटलेले आहे: सातबाऱ्यावरचे क्षेत्र, लाभक्षेत्र, श्रीक्षेत्र आळंदी. ‘कार्यक्षेत्र’ या शब्दात ते जमीन सोडते खरे, पण ‘भाषे’शेजारी बसताच वाचकाला पुन्हा नकाशाच दिसतो. ‘परिभाषा’ही चालणार नाही, कारण १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहिले तर ते संज्ञांचे संग्रह आहेत, आणि त्या संज्ञांची वाक्ये नेहमीच्या मराठी व्याकरणानेच होतात, एसक्यूएलला मात्र स्वतःचे व्याकरण आहे. ‘बोली’ तर मुळीच नको. बोलीत भांडता येते, अंगाई गाता येते, हिशेब करता येतो, आणि ती कोणी बसून तयार केलेली नसते.

माझ्या मते येथे क्षेत्र गौण असून मर्यादा मुख्य आहे. तबल्याचे बोल पाहा. ‘धा धिं धिं धा’ने सुरू होणाऱ्या बोलांत तीनतालाचा ठेका, कायदे, तुकडे सगळे मावते, पण बंदिशीची चाल त्यांत सांगता येत नाही, तिच्यासाठी स्वरच लिहावे लागतात. एकाच मैफलीत या दोन्ही भाषा असतात आणि कोणी त्यांना अपुऱ्या म्हणत नाही, कारण तो अपुरेपणा ठरवून पत्करलेला असतो. यासाठी मराठीत ‘पुरता’ तयारच आहे: तात्पुरता, पोटापुरता, नावापुरता. म्हणून मी ‘कामापुरती भाषा’ सुचवतो. जावासारखीला ‘सर्वोपयोगी भाषा’ म्हणता येईल.

आणखी एक भेद पुस्तिकेत यावा. जी छोटी भाषा जावाच्याच वाक्यरचनेत बेतलेली असते, तिला ‘पोटभाषा’ म्हणावे, कारण पोटभाडेकरूप्रमाणे तिला मूळ घराचे नियम पाळावे लागतात. एसक्यूएलची चूल वेगळी. रेग्युलर एक्स्प्रेशनची गंमत अशी, की चूल वेगळी असूनही जावात तिला घरमालकाच्या दारातूनच आत यावे लागते: पिनकोड तपासताना ‘कोणताही अंक’ या अर्थी एक उलटी तिरकी रेघ आणि ‘डी’ एवढेच पुरते, पण जावाच्या अवतरणचिन्हांत ती रेघ दोनदा लिहावी लागते, आणि प्रत्यक्ष मजकुरातली एक रेघ शोधायची असेल, तर चार रेघा ओढाव्या लागतात.

दुसरे उत्तर

‘कामापुरती’ म्हटले की ‘कामापुरता मामा’ आठवतो, हे एक. दुसरे असे, की ही मर्यादा टिकतेच असे नाही. १९७४ साली डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी एसक्यूएल ‘सीक्वेल’ या नावाने मांडली, तेव्हा ती मुख्यतः तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा होती. १९९९च्या प्रमाणकात स्वतःलाच पुन्हा बोलावणाऱ्या प्रश्नांची सोय आली आणि तिचा आवाका पुष्कळ वाढला. मी ‘विषयभाषा’ सुचवीन. हा शब्द आटोपशीर आहे. ‘पोटभाषा’ मात्र मला आवडला.

प्रश्नकर्त्याकडून

दोघांचेही आभार. ‘विषयभाषा’ म्हटल्यावर मला शाळेतला भाषा विषयच आठवतो, त्यामुळे मामाचा दोष पत्करून मी ‘कामापुरती भाषा’ घेत आहे. आवाका वाढला तरी आमच्याकडे एसक्यूएलमध्ये कोणी पान सजवत नाही. अनेक भाषांच्या प्रकल्पासाठी स्वतंत्र विशेषण मी शोधत बसणार नाही. ‘मिश्रभाषी’ म्हणावे, तर एकाच वाक्यात दोन भाषांची सरमिसळ वाटते, आणि आमच्याकडे बहुतेक भाषांची फाइल वेगळी आहे. प्रकरणाचे शीर्षक ‘या प्रकल्पातील कामापुरत्या भाषा’ असे साधेच ठेवले आहे.

त्यातली पहिली नोंद मात्र सोवळ्याओवळ्याची आहे. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलेल्या मेकमध्ये, म्हणजे मेकफाइल वाचून काम करणाऱ्या साधनात, आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते, तर यॅमलमध्ये ओळ आत सरकवायला टॅब मुळीच चालत नाही. गेल्या महिन्यात एका नव्या मुलाने कोड लिहायच्या संपादकात (एडिटरमध्ये) ‘टॅबऐवजी चार मोकळ्या जागा’ ही सोय चालू केली. त्याची यॅमल फाइल सुधारली, आणि लगेच पुढच्या मेकफाइलने ‘विभाजक सापडला नाही’ म्हणून काम थांबवले. ती चार जागांची ओळ शोधण्यात त्याची दुपार गेली, कारण पडद्यावर दोन्ही अगदी सारखेच दिसते.