उन्हात पाणी फोडणारे नॅनोपदार्थ: यावर सरकारी पैसा किती दिवस घालायचा?

पाषाणकर (धागाकर्ता):
जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला १९,७४४ कोटी रुपये मंजूर झाले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट आहे. अशा वेळी अर्धवाहकाची पूड पाण्यात टाकून उन्हात हायड्रोजन काढण्याच्या संशोधनाला हात आखडता घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइड वापरून पाणी फोडल्याचा निबंध १९७२ सालचा. २०२१ मध्ये टोकियो विद्यापीठाच्या गटाने १०० चौरस मीटरची मांडणी उघड्यावर चालवली, तेव्हा उन्हातली जेमतेम ०.७६ टक्के ऊर्जा हायड्रोजनमध्ये उतरली. साधं सोलर पॅनेल २० टक्के वीज देतं. विजेने पाणी फोडणाऱ्या यंत्रात, म्हणजे इलेक्ट्रोलायझरमध्ये, त्यातला तिसरा हिस्सा गेला तरी १३ टक्के उरतात.

नॅनोरॉड:
पूर्ण असहमत. त्या ०.७६ मागचं कारण बघा. तिथला पदार्थ होता ॲल्युमिनियम मिसळलेला स्ट्रॉन्शियम टायटॅनेट. ३५० ते ३६० नॅनोमीटरच्या प्रकाशात तो जवळपास प्रत्येक शोषलेला फोटॉन (प्रकाशकण) कामी लावतो, हे २०२० मध्येच दाखवलं गेलंय. म्हणजे अभिक्रिया जमली आहे! अडचण अशी की त्याचा बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटा करायला लागणारी किमान ऊर्जा, ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, त्यामुळे त्याला फक्त अतिनील प्रकाश चालतो, आणि उन्हात तो पाच टक्केही नसतो.

आता हेमाटाइट घ्या, म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड. स्वस्त, बिनविषारी, बँडगॅप २.१ च्या आसपास, दृश्य प्रकाश शोषणारं. पण प्रकाशाने तयार झालेला होल (इलेक्ट्रॉन सुटल्यावर मागे उरलेली धनभारित रिकामी जागा) त्यात दोन-चार नॅनोमीटर सरकला की इलेक्ट्रॉनला भेटून संपतो, आणि प्रकाश मात्र त्याच्या कितीतरी पट खोल शिरतो. म्हणून उभ्या नॅनोकांड्या वाढवायच्या: प्रकाश लांबीच्या दिशेने शिरेल, होल जवळच्या बाजूने पाण्यात निघेल. कथिल किंवा टायटॅनियम मिसळून वाहकता वाढवायची, पृष्ठभागावर ऑक्सिजन सुटायला मदत करणारा कोबाल्ट फॉस्फेटसारखा थर द्यायचा. या एकेका पायरीवर माणसांची उमेदीची वर्षं गेली आहेत. त्याला फुकटचा खर्च म्हणू नका.

भोसरी एमआयडीसी:
कांड्या उत्तम, पण टिकतात किती? कॅडमियम सल्फाइड दृश्य प्रकाशात छान चालतं म्हणतात, आणि त्याच प्रकाशात स्वतःच झिजतं. शिवाय पूड-पद्धतीत हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्रच बाहेर येतात. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन पेट घेऊ शकतो, शुद्ध ऑक्सिजनसोबत तर धोका आणखी मोठा. माझ्या शेडवर मी अशी टाकी बसवू देणार नाही. पॅनेलला पंचवीस वर्षांची हमी मिळते.

मोजमाप आधी:
मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. कित्येक पेपरांत पाण्यात मिथेनॉल किंवा ट्रायइथेनॉलअमीन घातलेलं असतं. होल पाण्याऐवजी तेच खाऊन टाकतात, ऑक्सिजन सुटतच नाही, आणि शीर्षकात मात्र 'पाण्याचं विघटन'. वर आकडा दर ग्रॅम दर तास मायक्रोमोलमध्ये. पूड दुप्पट केली म्हणून वायू दुप्पट येत नाही, मग दोन प्रयोगशाळांची तुलना कशी करणार? हायड्रोजन-ऑक्सिजन २:१ मोजून दाखवा, मगच पुढचा हप्ता द्या.

नॅनोरॉड:
२:१ एकदम मान्य, पण पाण्यासाठीच. पुण्यात पाषाण रस्त्याजवळच्या सी-मेट या सरकारी पदार्थ-संशोधन संस्थेत हायड्रोजन सल्फाइड प्रकाशाने फोडण्यावर काम झालंय. तो रिफायनरीतला विषारी वायू. पाण्याला मोलमागे २३७ किलोज्यूल लागतात, त्याला ३३ च्या आसपास. तिथे ऑक्सिजन सुटतच नाही, त्यामुळे भोसरीकरांची स्फोटक मिश्रणाची भीतीही उरत नाही.

पाषाणकर (धागाकर्ता):
रिफायनरीसाठी असेल तर पैसा रिफायनरीने घालावा. पाण्यासाठी सरकारी अनुदान हवं असेल, तर माझी अट: काहीही न मिसळता, खऱ्या उन्हात, १००० तास.

नॅनोरॉड:
ही अट पहिल्याच वर्षी लावलीत तर हेमाटाइटला कुणी हात लावणार नाही. चौथ्या वर्षी लावा, मी स्वतः त्याखाली सही करेन.