डिफॉल्टसाठी || वापरणं बंद करायला हवं का?

अर्धविराम:
कोड रिव्ह्यूला बसलं की हे दिसतंच, सेटिंग्ज.आवाज || ५० (डावीकडचं खोटं निघालं तर उजवीकडचं डिफॉल्ट घे) लिहून लोक मोकळे. आता युजरने स्लायडर मुद्दाम शून्यावर आणला, सेव्ह केला, पान रिफ्रेश केलं की आवाज परत ५० वर! जावास्क्रिप्टच्या || ला व्हॅल्यू आहे का नाही हे कळतच नाही, त्याला फक्त खरं-खोटं कळतं, आणि ०, रिकामी स्ट्रिंग, फॉल्स सगळे खोट्यात जमा. २०२० पासून ?? आहे की भाषेत, तो फक्त नल आणि अनडिफाइन्ड, म्हणजे व्हॅल्यूच नसेल, तरच डिफॉल्ट घेतो. मग हट्ट कशाला?

जुनं_खोड:
सरसकट बंद कशाला पण? नावाचा रकाना कोणी मोकळा सोडला तर फॉर्ममधून '' येतं, नल नाही. तिथे ?? लावलंस की 'पाहुणा' दिसायच्या जागी काहीच दिसणार नाही. मला तिथे || च पाहिजे.

अर्धविराम:
आणि त्याने नुसती स्पेस दाबली तर? ' ' खऱ्यात मोजतात, म्हणजे तुझा || पण गंडला. ट्रिम कर, म्हणजे कडेच्या स्पेस काढ, आणि सरळ इफ लिही.

जुनं_खोड:
ट्रिम करून मग || लावतो, झालं? इफ कशाला.

खटपट्या:
तुमच्याकडे ?? तरी आहे, पायथॉनमध्ये तो प्रस्ताव, पेप ५०५, अजून लटकलेलाच. त्यामुळे लोक ऑर (तिथला ||) वापरतात आणि भलतीकडेच फसतात. फंक्शनला कोणी रिकामी लिस्ट दिली भरून घ्यायला, आत लिहिलंय यादी = यादी ऑर [], झालं, रिकामी लिस्ट खोटी म्हणून नवीनच लिस्ट तयार होते, सगळं तिच्यात भरलं जातं आणि देणाऱ्याची लिस्ट रिकामीच. एरर नाही काही नाही, बसा शोधत. इज नन (व्हॅल्यूच नाही का, एवढंच बघणं) लिहायला दोन शब्द जास्त लागतात, लागू देत.

रुबीवाली:
आमच्याकडे फक्त निल आणि फॉल्स खोटे, ० खरा, त्यामुळे आवाजाचं रडगाणं नाही :) पण नोटिफिकेशन || ट्रू लिहिलं की बंद केलेलं नोटिफिकेशन चालू होतंच, म्हणून हॅशमधून (की-व्हॅल्यूच्या जोड्यांमधून) घेताना मी फेचलाच डिफॉल्ट देते, की नसेल तरच ते लागतं.

जुनं_खोड:
बरं, आकडे आणि बूलियनला ?? , मान्य. पण उद्या जोशात सगळ्या प्रोजेक्टमध्ये शोधून बदलू नकोस. अ || ब ?? क असं कंसाशिवाय लिहिलं तर सिंटॅक्स एरर येतो, तो निदान दिसतो तरी. जिथे '' ला डिफॉल्ट मिळत होतं ते गुपचूप मोडेल त्याचं काय?

अर्धविराम:
जुन्या कोडला कोण हात लावतंय! टाइपस्क्रिप्टच्या लिंटरमध्ये (कोड तपासणाऱ्या टूलमध्ये) याचा नियम आहे, तो नव्या फाइल्सपुरता लावलाय, तोही वॉर्निंगवर.